नाव यादीत आहे

गोठिवलीत, पहिल्या मजल्यावरच्या खोलीत,
रात्री सव्वाबाराला
माझा जुना लॅपटॉप भाताच्या गिरणीसारखा घरघरतो.
नकाशे काढायचं सॉफ्टवेअर. खुलं. फुकट.
सोर्स कुणीही उतरवून घ्यावा
आणि आपल्या मशीनवर आपल्या हातांनी बांधावा.
बांधतेय, तीन रात्री.

दोन हजार आठशे सेहेचाळीस फायली
एकेक करून कंपाइल होतात, मुकाट.
प्रत्येकीत काही नावं, पत्त्याशिवाय:
हे फंक्शन दुसरीकडे असेल,
जागा सोडून ठेवलीय, नंतर भरा.
मग शेवटी लिंकर येतो,
कोण कुठे राहील ते ठरवतो,
सोडलेल्या जागांत पत्ते लिहितो.
या कामाला रिलोकेशन म्हणतात.
आमच्या घरात हा शब्द
लिंकरच्या कितीतरी आधी आलेला,
सिडकोच्या पाकिटातून.

तिन्ही रात्री लिंकर शेवटच्या पायरीवर
चार जीबी मेमरी पिऊन फुगला
आणि सिस्टिमनं त्याला मारलं.
पडद्यावर एकच शब्द: किल्ड.
कारण नाही, ओळ क्रमांक नाही.

हा लिंकर मशीनसोबत आलेला,
जसा सजाला तलाठी येतो.
आपण निवडलेला नसतो. असतो.
चौथ्या रात्री कळलं, दुसरा घेता येतो.

एकाचं नाव मोल्ड.
पप्पांनी रबाळ्याच्या प्लास्टिक कारखान्यात
बावीस वर्षं मोल्ड बदलले,
दोनशे किलोचे, साखळीनं उचलून.
त्यांना सांगितलं तर म्हणाले,
“बदलताना बोटं सांभाळ गो.”
पण हा मोल्ड सगळे कोअर एकदम कामाला लावतो.
माझ्याकडे दोनच, दोन्ही म्हातारे.
मी एलएलडी घेतला.
कमांडच्या शेपटीला एक लहानसा पर्याय,
बाकी सगळं तेच.

अकरा सेकंद.
पंखा गप्प.
आणि एक लाल ओळ:
बाहेर द्यायच्या नावांच्या यादीत ‘ड्रॉ डाइक’ आहे,
त्या नावाचं आत काहीच नाही.

बांध काढायचं फंक्शन.
जुना लिंकर इतकी वर्षं ही ओळ
न बघता पुढे सरकवत होता.
इतिहास उकरला:
नऊ वर्षांपूर्वी कुणीतरी ते काढून टाकलं,
शेरा, “कुणी वापरत नाही”.
यादीतलं नाव खोडायचं राहिलं.

आजोबांचं नावही यादीत होतं.
हसुराम पदाजी मढवी, साडेबारा टक्के,
सेक्टर आहे, भूखंडाचा नंबर आहे.
जाऊन पाहिलं तर तिथे विजेचं सबस्टेशन,
आत शिरायलाही चिठ्ठी लागते.
खिडकीमागचा माणूस म्हणाला होता,
नाव आहे ना? मग झालं.

एक पर्याय दिला की
नवा लिंकरही हे गिळतो.
किंवा नाव खोडायचं, एक ओळ, बिल्ड पुढे.
खोडलंही. सेव्ह केलं नाही.

मग ती काढलेली चाळीस ओळींची चिंधी
इतिहासातून परत आणली,
दोन जागी ठिगळ लावलं,
कारण नऊ वर्षांत आजूबाजूचं सगळं हललेलं.
पहाटे पावणेचारला लिंक झालं.
टाळ्या वगैरे काही नाही,
फक्त प्रॉम्प्ट परत आला.

जुना गावनकाशा उपग्रहाच्या चित्रावर ठेवला.
टॉवरांच्या पार्किंगमधून, नाल्याच्या कडेनं
खारबांधाची काटेरी रेघ खाडीपर्यंत उतरली,
वळणावर जरा फाटली.
ते नीट करावं लागेल.

पप्पा पाणी प्यायला उठले होते.
चष्म्याशिवाय, लॅपटॉपला नाक लावून
बराच वेळ बघत राहिले.
“उघाडी तिथं नव्हती,” म्हणाले,
आणि काचेवर ओलं बोट टेकवलं.
“अलीकडं. इथं.”